बर्फ बसलंय

डोंगरातल्या हिंटरलान गावात बर्फाला नावं ठेवायचं काम पाहुण्यांचं. कमी पडलं, फार पडलं, ओलं आहे, टणक आहे, मागच्या वर्षीसारखं नाही. गावकऱ्यांना बर्फाबद्दल इतकं बोलायची सवय नव्हती. ते एखादाच शब्द टाकत आणि आपल्या कामाला लागत. त्यातला एक शब्द झेन्झीच्या घरात तिच्या जन्माआधीपासून राहायला होता: बसलंय.

त्याचे अर्थ दोन. नवं बर्फ भुसभुशीत असतं, हवेनं फुगलेलं. मग ते आपल्याच वजनानं दबतं, खालच्या थराला घट्ट धरतं. असं बसलेलं बर्फ चांगलं, त्यावरून माणसानं खुशाल जावं. दुसरं बसणं वेगळं. उतारावर पाऊल टाकावं आणि खोल कुठेतरी तळघरात पोतं आपटल्यासारखा आवाज व्हावा. आतला एखादा कच्चा थर मोडलेला असतो, वरचं सगळं बर्फ बोटभर खाली आलेलं असतं, आणि आता त्यानं कशालाच धरलेलं नसतं. ते नुसतं थांबलेलं असतं. हेही बसणंच.

झेन्झीचे वडील, फाइट मोरिगल, गावाच्या हिमलोट समितीवर होते; कुठला उतार कधी कोसळेल ते बघून वाटा बंद-चालू करायचं काम या समितीचं. पहाटे उतार बघून ते परतले की बूट झाडत स्वयंपाकघरात येत आणि म्हणत, "बसलंय." आई चुलीवरून मान वळवून आधी त्यांच्या हाताकडे बघे, मग तोंडाकडे. तळवा चादर सारखी केल्यासारखा हळू खाली दाबला, तर पोरांनी शाळेला जायचं. तळवा एकदम खाली पडला, तर पोरांच्या गाद्या घराच्या पुढच्या खोल्यांत हलायच्या. कोणी काही समजावून सांगत नसे. हाताकडे बघायचं असतं, एवढं लहानपणी कळलं की पुरे.

घरामागच्या त्या उताराला सगळे नुसतं 'लाइटे' म्हणत. उन्हाळ्यात तिथं गवत कापत, आणि कापणारे कमरेला दोर बांधून कापत, इतकी ती उभी. हिवाळ्यात ती पांढरी होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसे, आणि मार्चच्या शेवटापर्यंत खिडकीत दुसरं काही नसे. आभाळ बघायचं तर भांडी घासणाऱ्याला खाली वाकावं लागे.

झेन्झी याच घरात जन्मली, याच घरात तिचं लग्न झालं. नवरा, सेराफिन, पलीकडच्या खोऱ्यातला, स्की शिकवणारा, देखणा, बोलघेवडा. वडील गेले तेव्हा समितीवरची जागा तिच्या भावाकडे, गेबहार्टकडे गेली आणि घर तिच्याकडे राहिलं. त्या दोघांनी घराचं छोटं गेस्टहाऊस केलं. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली जेवणघर, तळाशी स्की ठेवायची खोली, जिथं ओल्या हातमोज्यांचा आणि मेणाचा वास बाराही महिने मुरलेला असे. सेराफिन दिवसभर वर उजेडात. झेन्झी खाली. स्वतः सुट्टी नावाची गोष्ट तिनं आयुष्यात घेतली नव्हती, पण दुसऱ्याची सुट्टी कशी चढते आणि कशी उतरते, हे ती जिन्यावरच्या पावलांवरून ओळखी. शनिवारी पाहुणे दोन-दोन पायऱ्या चढत. सोमवारी पोटऱ्या धरत. बुधवारी नवराबायको एकमेकांशी बोलेनासे होत. गुरुवारी ऊन पडलं की पुन्हा प्रेम. शुक्रवारी सगळ्यांनाच अजून एक दिवस हवा असे.

हार्म्स नवराबायको दर फेब्रुवारीत येत, लग्न झाल्यापासून. ब्रेमरहाफनची माणसं, समुद्रकाठची. त्यांच्या गावात उंच म्हणजे बंदरातली क्रेन. डेटलेफ हार्म्स लांबोडका, लालसर, सतत थट्टा करणारा. वीबके हार्म्स बुटकी, शांत, आणि स्कीवर चढली की पाखरू. पोरगी लहान होती तोवर ती दोघं तिला, इंकेला, बरोबर आणत. पुढे पोरीला डोंगराचा कंटाळा आला. गावानं त्यांना एकदा जेवणघरात सगळ्यांसमोर मानाची पिन लावली होती, नेमानं येणाऱ्या पाहुण्यांना लावतात तशी. तेव्हा सेराफिन ग्लास उंचावून म्हणाला होता, "आता तुम्ही पाहुणे नाही. घरचेच."

हार्म्सनं ते फार मनावर घेतलं. तो गावातले शब्द वेचायचा आणि चुकीच्या जागी वापरायचा. जेवण झालं की पोटावर हात ठेवून म्हणायचा, "झेन्झीबाई, बसलंय!"

सगळं जेवणघर हसायचं. झेन्झीही हसायची. मनात कुठेतरी तिला ते आवडत नसे. का ते तिनं कधी शोधलं नाही.

त्या दोघांचा एक नेम होता. शेवटच्या दिवशी सेराफिनबरोबर लिफ्टनं वर जायचं, कड्याच्या कडेनं आडवं चालत लाइटेच्या माथ्यावर यायचं, आणि तिथून थेट झेन्झीच्या मागच्या अंगणात उतरायचं. आधी वीबके, तिच्यामागे हार्म्स, दोघांच्या रेघा एकमेकींत गुंफत. अंगणात झेन्झी शिळ्या पावाच्या गोळ्यांचं गरम सूप घेऊन उभी. दिवस चांगला नसेल तर गेबहार्ट नाही म्हणायचा, आणि मग नुसतं सूप.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत हार्म्स एकटाच आला. वीबके ऑक्टोबरात गेली होती.

"दोन पलंगांचीच खोली द्या झेन्झीबाई," तो म्हणाला, "सवय आहे."

आठवडा पहिल्यापासून बिनसला. शनिवारी गावात पाऊस. फेब्रुवारीत पाऊस म्हणजे लग्नात रडारड. कुणाला कुठे बघावं कळत नाही. रविवारी वारा, लिफ्ट बंद. पाहुण्यांनी पत्ते काढले. एक डच जोडपं आपसात भांडून खोलीत गेलं आणि दार आपटलं. सोमवारी थंडी पडली आणि बर्फ सुरू झालं. पहिल्या तासाला सगळे खिडकीशी जमून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी टाळ्या थांबल्या. बुधवारी खोऱ्याचा रस्ता बंद झाला, दूध येईना, आणि बर्फ पडतच होतं. आवाज न करता, विसावा न घेता, कुणीतरी वरून घर पुरायला घेतल्यासारखं.

हार्म्स जेवणघरात स्टोव्हजवळच्या बाकावर बसून राही. वर्तमानपत्र तेच, शनिवारचं. दुसरे पाहुणे हळूच दुसऱ्या टेबलावर सरकत. दुःखी माणूस सुट्टीत कुणाला नको असतो. त्यानं थट्टा केली तर जास्तच वाईट वाटे. झेन्झी दर तासाला त्याच्यापुढे काहीतरी आणून ठेवी: कॉफी, फाडलेलं गोड धिरडं आणि आलुबुखाराचा मुरंबा, देवदाराच्या कोवळ्या बोंडांच्या दारूचा छोटा पेला.

"तुम्ही मला खाऊ घालून मारणार," तो म्हणाला.

"उपाशी मेलात तर माझ्या घराचं नाव जाईल."

"शनिवारी जायचंय मला. लाइटे झाल्याशिवाय जाणार नाही. तिला कबूल केलंय."

"बघू. गेबहार्ट काय म्हणतो ते बघू."

"गेबहार्टला सांगा, मी घरचाच आहे म्हणावं."

गुरुवारी दुपारी बर्फ थांबलं. शुक्रवार उजाडला तो निळा. असं निळं की डोळ्यांत पाणी यावं. गच्च्यांवर पांढऱ्या रजया वाळत पडल्या, जिन्यावरून पावलं धावू लागली, डच जोडपं एकमेकांच्या पाठीला मलम लावत हसत होतं. आठवड्याभराचं सगळं विसरलं गेलं. लाइटे खिडकीत उभी होती, कोरी, कुणी अजून काहीच न लिहिलेली. झेन्झीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून कॉफी दळायला घेतली.

यंत्र घरघरत असताना गेबहार्ट मागच्या दारानं आत आला. तो माथ्यावरून आला होता. मिशांवर बर्फ. त्यानं उभ्याउभ्याच कालच्या पावाचा तुकडा उचलला.

"पुढचं दार लोकांनी भरलंय म्हणून मागून आलो," तो म्हणाला. "काय गं, लग्न आहे का आज?"

"ऊन आहे. त्यांना तेवढं पुरतं. बर्फ झाड आधी. फरशी आत्ताच पुसलीय."

"लाइटे बसलीय," गेबहार्ट म्हणाला.

झेन्झीनं यंत्र थांबवलं नाही, मान वळवली नाही. तिला तो शब्द ऐकू आला, आणि ऐकू येताच छातीवरचं काहीतरी उतरलं. चला. सुटला बिचारा. दुपारी अंगणात सूप, संध्याकाळी पेटी भरली, उद्या रस्ता उघडला की गाडी. स्टोव्हजवळचा बाक रिकामा होईल. ती हेच ऐकायला पाच दिवस कान लावून होती, आणि तेच तिनं ऐकलं.

"ऐकलंस ना?" गेबहार्टनं दारातून विचारलं.

"ऐकलं, ऐकलं. बसलीय."

आपल्या बहिणीला हा शब्द सांगून झाला म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. या स्वयंपाकघरात त्यापुढे काही सांगावं लागलं नव्हतं, बापाच्या वेळीही नाही. तो रस्त्याकडे निघून गेला. जाता जाता त्याचा तळवा टेबलाकडे एकदम खाली पडला होता. ते फक्त चुलीवरच्या भांड्यांनी पाहिलं.

नाश्त्याला सेराफिन बूट घालत होता. "गेबहार्ट काय म्हणाला?"

"बसलंय म्हणाला," झेन्झी म्हणाली, आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकून तिनं तळवा हळू खाली दाबला. चादर सारखी केल्यासारखा. भावानं न केलेली खूण तिनं स्वतःच्या हातानं केली.

हार्म्सनं ते पाहिलं. त्याचा सगळा चेहरा लहान मुलासारखा उघडला. त्यानंही तिच्यासारखाच तळवा दाबला. "बसलंय!"

"एकट्याला नको सोडू त्याला," झेन्झी नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली. "रडेल वर."

"रडू दे की. वर कोण बघतंय?"

"आणि पुढे तू राहा."

"अगं, मला शिकवतेस का आता?"

ते गेले. लिफ्टच्या वरच्या स्टेशनापलीकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, ही डोंगराची रीत. खाली जेवणघरात अदबीनं 'हेर हार्म्स', हार्म्ससाहेब, असलेला माणूस वर 'अरे डेटलेफ' होतो आणि संध्याकाळी सूप समोर आलं की पुन्हा हेर हार्म्स. सेराफिनला तो खेळ आवडे. हार्म्सला त्याहून जास्त.

झेन्झीनं खोल्या झाडल्या, चादरी काढल्या, सुपासाठी पाव भिजत घातला. वरच्या छपराचं बर्फ उन्हानं सैलावून धप्पकन खाली येत होतं. प्रत्येक वेळी ती दचकली, आणि प्रत्येक वेळी स्वतःला म्हणाली, छप्पर आहे.

ती भिजलेला पाव मळत असताना गेबहार्ट पुन्हा मागच्या दारात आला. या वेळी त्याच्या खांद्यावर दोर होता.

"बाबांचे लाल झेंडे कुठे ठेवलेस? शेडमध्ये नाहीत."

"जिन्याखाली. झेंडे कशाला?"

"लाइटेखालची पायवाट बंद करतोय. पोरं फिरतात तिथं."

"बंद?" झेन्झीचे हात कणकेत होते. "बसलीय म्हणालास ना?"

"बसलीय म्हणून तर."

झेन्झीनं कणकेतले हात बाहेर काढले.

"कशी बसलीय?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

गेबहार्टनं तिच्याकडे बघितलं. मग तळवा टेबलावर टाकला. चमचे उडाले. "अशी. माझ्या पायाखाली. सबंध माथा बोलला. तुला सकाळी…" आणि तो थांबला. खुंटीवर सेराफिनची टोपी नव्हती. हार्म्सची नव्हती. "झेन्झी. कुठे आहेत ते?"

ती फोनकडे धावली. वरच्या स्टेशनावरचा लिफ्टवाला मजेत होता. "सेराफिन? गेला ना मघाशी, कड्याकडे. तो लांबडा जर्मन बरोबर होता. मला चॉकलेट देऊन गेला. का गं?"

"हाक मार! जाऊन हाक मार!"

"कड्यापलीकडे काय ऐकू जाणार, झेन्झी?"

गेबहार्ट तोवर बर्फगाडीकडे पळाला होता. गाडीला वर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं, तरी तो पळाला. नुसतं उभं कसं राहणार? झेन्झी अंगणात आली. माथ्यावर, निळ्या-पांढऱ्याच्या शिवणीवर, दोन काळे ठिपके हलत होते. एक लांब, एक आखूड. ती ओरडली. ओरडणं लाइटेच्या पायथ्याशीच विरून गेलं.

मग तिला खिडक्या आठवल्या. वडिलांच्या काळात लाइटेचा भरवसा नसला की घराच्या मागच्या बाजूच्या लाकडी झडपा, सगळ्या, दिवसाढवळ्या लावून घ्यायचे. मोरिगलांच्या घरानं डोळे मिटले, असं गाव म्हणे, आणि त्या बाजूला कोणी जात नसे. कित्येक वर्षांत ते करावं लागलं नव्हतं. पण सेराफिन या घराचा जावई होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं ते पाहिलं होतं आणि हसला होता, आणि त्याच्या सासऱ्यानं त्याला हसू दिलं नव्हतं.

ती जिना चढली. कणकेचे हात झडपांना लागत होते, लाकूड फुगून घट्ट झालं होतं, खांद्यानं रेटावं लागत होतं. एक खोली. दुसरी. डच जोडप्याच्या खोलीत खिडकीवर सुकत घातलेले मोजे खाली पडले. प्रत्येक झडप लावताना तिला ते दोघं दिसत आणि मग दिसेनासे होत. हार्म्सची खोली शेवटची. आत एक पलंग विस्कटलेला आणि दुसरा तसाच, हात न लागलेला, उशीवर बायकी लाल टोपी ठेवलेली. झेन्झीनं तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

खिडकीशी येऊन तिनं अर्धी झडप ओढली आणि थांबली.

वर सेराफिन थांबला होता. त्यानं पाहिलं होतं. दोन्ही काठ्या डोक्यावर नेऊन त्यानं त्यांची फुली केली, घराला उत्तर दिल्यासारखी. पण तो पुढे नव्हता. पुढे हार्म्स होता. त्यानं वर काय म्हटलं होतं हे झेन्झीला पुढे सेराफिनकडून कळलं: आज तिच्या जागी मी जातो रे, मला पुढे जाऊ दे. आणि सेराफिननं जाऊ दिलं. बसलेलं होतं ना.

सेराफिन आता ओरडत होता; तोंड उघडलेलं दिसत होतं. हार्म्सनं मागे वळून बघितलं, मग खाली. एकेक करून मिटत गेलेलं घर त्यानं पाहिलं आणि शेवटच्या, उघड्या राहिलेल्या खिडकीत एक बाई. इतक्या वर्षांत ही खूण त्याला कुणी शिकवली नव्हती. पाहुण्यांना शिकवायची ती गोष्टच नव्हती. त्यानं काठी उंच केली आणि तिला हात केला. आनंदानं, सबंध हात हलवून.

झेन्झीनं दोन्ही हात आडवे हलवले. नाही, नाही. लांबून ते उत्तरासारखंच दिसलं असेल.

तो निघाला.

पहिली वळणं फार सुंदर होती. वजन नसल्यासारखी. मग तिला दिसलं की त्याच्या वर, कितीतरी वर, सेराफिनच्या पायांच्या अगदी पुढे, बर्फात एक निळी रेघ उमटलीय. कुणी पेन्सिलीनं ओढावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज नंतर आला. तळघरात पोतं पडल्याचा. मग लाइटे सरकली, सबंध, टेबलावरचं कापड ओढल्यासारखी, आणि त्या सरकण्यात तो लांबोडका माणूस थोडा वेळ उभाच होता.

लोट अंगणाच्या कुंपणाशी येऊन थांबला. घराला काही झालं नाही. वर जे उरलं त्याच्या काठावर सेराफिन उभा होता.

गावातली सगळी माणसं आली. लांब काठ्या खुपसत, एका रांगेत. सेराफिन उघड्या पडलेल्या गवतावरून घसरत खाली आला आणि हातांनी खणू लागला. हार्म्स सापडला तो लार्चच्या झाडांपाशी, फार खोल नाही, पण वेळ गेली होती. त्याच्या अंगावर झेन्झीच्या घरची रजई टाकली. ऊन अजून तसंच होतं. डच जोडपं रस्त्यावर उभं राहून रडत होतं.

गावचा पोलीस जेवणघरात बसून लिहून घेत होता. पाहुणे आपापल्या खोल्यांत गेले होते.

"मी थांब म्हणून ओरडलो," सेराफिन सांगत होता. "त्यानं वळून बघितलं. आणि तरी गेला."

"पाहुणे," पोलीस म्हणाला. "यांना सांगून काही उपयोग असतो का? समितीनं सूचना दिली होती?"

"सकाळी दिली होती," गेबहार्ट म्हणाला. "घरात येऊन दिली होती." तो झेन्झीकडे बघत नव्हता.

"आणि तरी गेला." पोलिसानं ते लिहिलं. "बायको गेली होती म्हणता ना अलीकडेच? हं."

त्या 'हं'मध्ये सगळं बसत होतं. झेन्झीनं पोलिसापुढे कॉफी ठेवली. तिला कुणी काही विचारलं नाही. ती स्वयंपाकघरातली बाई होती.

नंतर गेबहार्टनं तिला शेडमध्ये गाठलं. तो झेंडे गुंडाळत होता.

"मी सांगितलं होतं ना, झेन्झी?"

"सांगितलंस."

"आणि तू ऐकलं म्हणालीस."

"शब्द ऐकला. हात बघितला नाही. यंत्र चालू होतं, पाठ होती माझी."

गेबहार्टनं गुंडाळलेला झेंडा कोपऱ्यात ठेवला. "मी तरी पुढे यायला हवं होतं तुझ्यासमोर. बाबा आईसमोर येऊन उभे राहायचे." मग तो म्हणाला, "हे बघ. लोक एकच बोलतायत, पाहुण्यानं ऐकलं नाही. पोलिसानंही तेच लिहिलंय. माणूस परत येत नाही. सेराफिनला उद्या पोरांना स्की शिकवायचीय, मला समितीवर बसायचंय, तुला खोल्या द्यायच्यात. तू गप्प राहा. एवढंच सांगतो."

"सेराफिनला माहीत आहे?"

"तू त्याला काय दाखवलंस ते त्याला माहीत आहे. मी काय दाखवलं ते त्याला माहीत नाही. विचारणार नाही तो. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल."

खरंच, सेराफिननं विचारलं नाही. तो एकदम कमी बोलू लागला. शनिवार आणि रविवारभर गावातल्या बायका केक घेऊन येत होत्या, आणि जी ती दारातच तेच वाक्य हातात देऊन जात होती: पाहुणे ऐकत नाहीत गं. तू तरी काय करणार? झेन्झी केक घ्यायची, वाक्य घ्यायची, आणि दोन्ही फडताळात ठेवायची. दोन दिवसांत ते वाक्य तिला स्वतःचंच वाटायला लागलं होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती. लाइटेवर आता तपकिरी गवताचा मोठा डाग होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेलं बर्फ अजून तसंच, थांबलेलं.

सोमवारी इंके आली. खोऱ्याचा रस्ता उघडल्यावरच्या पहिल्या बसनं. बापासारखी लांब, आईसारखी शांत. लहानपणी ती झेन्झीच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून कणकेचे तुकडे खायची. आता तिनं झेन्झीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सोडले.

"झेन्झीमावशी, मी सामान भरून घेते. जास्त वेळ नाही लागणार."

झेन्झी तिच्याबरोबर वर गेली. झडप अजून अर्धीच लावलेली होती. त्या खोलीत कोणी शिरलंच नव्हतं. इंकेनं पेटी पलंगावर उघडली. शर्ट, मोजे, दाढीचं सामान. लाल टोपीशी ती आली आणि क्षणभर थांबली, मग तिनं ती कोटाच्या खिशात घातली.

सेराफिन खाली न्यायच्या सामानासाठी दारात येऊन उभा राहिला.

"तुम्हा दोघांची मला माफी मागायची होती," इंके म्हणाली. ती स्वेटरची घडी घालत होती, वर बघत नव्हती. "गाडीत सगळा वेळ मी तेच ठरवत होते, कसं बोलू. पोलिसांनी फोनवर सांगितलं मला. सेराफिनकाका, तुमचाही जीव गेला असता त्यांच्यापायी. बाबा कधी कुणाचं ऐकायचेच नाहीत. आई म्हणायची, याला बंदरात बांधून ठेवायला पाहिजे. तुम्ही अडवलंच असणार. नाही का?"

"हो, म्हणजे…" सेराफिन म्हणाला. "वर मी त्याला…"

"तेच." इंके म्हणाली. "मला माहीत होतं. मला फक्त राग येतो त्यांचा. फार राग येतो. आयुष्यभर येत राहील असं वाटतं. तुम्हाला एवढं सगळं करायला लावून…"

झेन्झी खिडकीशी उभी होती. तिच्यासमोर गेल्या तीन दिवसांतलं सगळ्यात सोपं दार उघडं होतं. काही बोलायचंही नव्हतं. फक्त मान हलवायची होती, आणि ही मुलगी आपल्या बापावरचा राग घेऊन उत्तरेकडे निघून गेली असती, आणि तिकडे सपाट प्रदेशात तो राग जपत राहिली असती, एका चांगल्या माणसावरचा, ज्यानं सांगितलं तेच केलं.

"नाही," झेन्झी म्हणाली.

"झेन्झी," सेराफिन हळूच म्हणाला.

"नाही, इंके. तसं नाही. ऐकलं त्यांनी. ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते पाच दिवस, मी हो म्हणायची वाट बघत. आणि मी हो म्हटलं. जा म्हटलं. म्हणून गेले."

इंकेच्या हातात स्वेटर तसाच राहिला. तिनं आधी सेराफिनकडे बघितलं. सेराफिन जमिनीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा होता की तो हे ऐकायला घाबरतही होता आणि थांबलाही होता. मग तिनं झेन्झीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच आलेलं नव्हतं. ते यायचं होतं.

"कशावरून हो म्हटलंत?" तिनं विचारलं.

सेराफिन आत आला आणि दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसला, बूट घातलेले पाय पुढे पसरून. झेन्झीनं खिडकीजवळची खुर्ची ओढली, इंकेच्या समोर आणली आणि बसली, आणि गेबहार्ट मागच्या दारानं आत आला तिथपासून सांगायला सुरुवात केली.